चार्जच्या यादीत जे येत नाही

नाशिकच्या एका विधी शिक्षणसंस्थेतील सहायक ग्रंथपाल लिहितात: "या ग्रंथालयात मला नऊ वर्षे झाली. नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) केले. आमचे ग्रंथपाल सर येत्या मार्चअखेर निवृत्त होत आहेत. कोणता निकाल कोणत्या खंडात आहे आणि कोणता कायदा कोणत्या जुन्या नावाखाली लावला आहे, हे सगळे त्यांच्या डोक्यात आहे. पण विचारायला गेले की 'राहू द्या, मी देतो काढून' असे म्हणून ते उठतात आणि पुस्तक आणून ठेवतात. दुसरीकडे दोन कंत्राटी मुले ऑनलाइन डेटाबेसमध्ये तरबेज आहेत, पण सरांनी एकदा सर्वांसमोर टोकल्यापासून ती कोणाला काही सांगत नाहीत. सर गेल्यावर विद्यार्थी माझ्यासमोर उभे राहतील तेव्हा मी काय करू? प्राचार्यांकडे तक्रार करावी का?"

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मला माझीच एक जुनी चूक आठवली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचे काही लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मी एका विधी महाविद्यालयात सहायक असताना आमचे ग्रंथपाल निवृत्त झाले. चार्ज रीतसर घेतला गेला. दाखल नोंदवह्या, कपाटांच्या किल्ल्या, वर्गणीच्या फायली, वाचकांकडची येणी, सगळ्यांवर सह्या झाल्या. दोन वर्षांनी निकालांचे जुने खंड बांधणीला पाठवले. ते नव्या पुठ्ठ्यात सुबक होऊन परत आले, आणि त्यानंतर एकदा तातडीने एक निकाल शोधताना माझ्या लक्षात आले की शेवटच्या पुठ्ठ्याला लागून असलेली कोरी पाने नाहीशी झाली आहेत. त्या पानांवर सरांनी वर्षानुवर्षे पेन्सिलीने, बारीक अक्षरात, हाच निकाल न्यायनिकाल छापणाऱ्या दुसऱ्या कोणत्या मालिकेत कोणत्या पानावर आहे आणि पुढे कोणत्या निकालाने तो फिरवला, याच्या नोंदी करून ठेवल्या होत्या. बांधणाऱ्याने नेहमीप्रमाणे जुनी पाने काढून नवी लावली, त्यात त्याचा काहीच दोष नव्हता. सर खंड हातात घेतला की आधी शेवटचे पान का उघडतात, हे आम्ही दहा वर्षे पाहत होतो आणि एकदाही विचारले नव्हते.

म्हणून तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाशी मी सहमत नाही. सर ज्ञान दडवून ठेवतात असे तुम्ही धरून चालला आहात. तसे असेलही, पण माझा अनुभव असा आहे की बहुतेक ज्येष्ठ ग्रंथपालांना आपण काय जाणतो हे सलग सांगता येत नाही, कारण ते ज्ञान त्यांना वाचकाच्या प्रश्नासमोरच आठवते. 'तुम्हाला जे जे माहीत आहे ते सांगा' असे विचारले तर ते गप्प बसतील, आणि समोर चिठ्ठी धरली तर त्यांचे पाय आपोआप बरोबर कपाटाकडे वळतील.

एक उदाहरण घेऊ. विद्यार्थी चिठ्ठी घेऊन येतो: (१९७३) ४ एस.सी.सी. २२५. म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस' या निकालमालिकेचा १९७३ सालचा चौथा खंड, पान २२५. समजा तुमच्याकडे एस.सी.सी.चे खंड १९८० नंतरचेच आहेत. ही मालिकाच मुळात १९६९ साली सुरू झाली, आणि सुरुवातीचे सगळे खंड प्रत्येक ग्रंथालयात असतातच असे नाही. नवखा कर्मचारी तालिका पाहतो आणि 'उपलब्ध नाही' असे सांगतो. सर चिठ्ठीकडे नजर टाकतात आणि ए.आय.आर. म्हणजे 'ऑल इंडिया रिपोर्टर' या दुसऱ्या मालिकेचा १९७३चा सर्वोच्च न्यायालयाचा खंड काढून पान १४६१ उघडून देतात, कारण हा केशवानंद भारतीचा तेरा न्यायमूर्तींचा निकाल आहे, आणि तोच निकाल दोन मालिकांत दोन पत्त्यांवर छापलेला आहे, हे त्यांना ठाऊक आहे. इतका प्रसिद्ध निकाल कदाचित तुम्हालाही पाठ असेल. पण असे शेकडो कमी प्रसिद्ध निकाल आहेत, आणि त्यांचे जोडपत्ते शोधण्याची रीत ही शिकण्याची गोष्ट आहे. पक्षकारांच्या नावांवरून जायचे की तारखेवरून, कोणत्या मालिकेच्या सूचीत नावे कशी उलटी लावलेली असतात, कोणत्या वर्षाच्या सूचीवर विसंबू नये, हे सर 'मी देतो काढून' म्हणताना मनातल्या मनात करतात.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्राचे. ए.आय.आर.ची मालिका १९१४ पासूनची आहे, ती नागपूरहून निघते आणि तिच्यात प्रत्येक उच्च न्यायालयाचे पानांक स्वतंत्र असतात. विद्यार्थी 'ए.आय.आर. १९५२ नागपूर' अशी नोंद घेऊन येतो आणि मुंबईच्या भागात शोधत बसतो, कारण त्याच्या माहितीप्रमाणे नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. १९३६ ते १९५६ या काळात नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय होते आणि त्याचा भाग वेगळा बांधलेला असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तसेच कुळकायद्याचे. आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागांच्या आणि कांद्याच्या जमिनींचे वाद इतके आहेत की मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ यावरची पुस्तके तुमच्याकडे सतत मागितली जात असणार. २०१२ च्या दुरुस्तीने अशा कित्येक अधिनियमांच्या नावातले 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले. त्यामुळे जुने भाष्यग्रंथ एका नावाखाली आणि नवे दुसऱ्या नावाखाली लागलेले आहेत, आणि संगणकावर एकच नाव टाकणाऱ्याला निम्मा साठा दिसतच नाही. हे कोणत्याही पदवीच्या पुस्तकात नाही. ते तुमच्या सरांना माहीत आहे, आणि कपाट पुसणाऱ्या तुमच्या शिपाई मामांनाही बहुधा माहीत आहे.

तेव्हा पहिला सल्ला असा की सरांना 'जाण्याआधी सगळे सांगून ठेवा' असे चुकूनही म्हणू नका. त्या वाक्यात निरवानिरवीचा सूर आहे, आणि ज्याने तीस वर्षे एका खोलीला दिली त्याला तो बोचतो. पुढच्या वेळी ते उठले की तुम्हीही उठा, त्यांच्याबरोबर कपाटापर्यंत जा, आणि पुस्तक हाती आल्यावर एवढेच म्हणा: "सर, हा खंड तुम्ही सूची न पाहता कसा काढलात, ते मला वहीत लिहून ठेवायचे आहे." एका वेळी एकच प्रश्न विचारा. ते बोलत असताना मोबाइल समोर धरू नका. ध्वनिमुद्रण करायचेच असेल तर आधी विचारून करा. आणि ते जे सांगतील ते लिहून दुसऱ्या दिवशी त्यांना वाचायला द्या. ते दोन ठिकाणी खोडतील, एक ओळ वाढवतील, आणि तिथून पुढे ते आपणहून सांगू लागतील. मी हे घडताना पाहिले आहे.

ही वही कशी असावी हे जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेक ठिकाणी वही सुरू होते आणि महिन्याभरात बंद पडते. देवघेवीच्या टेबलावर दोनशे पानी जाड वही ठेवा. प्रत्येक नोंदीत तारीख, वाचकाने काय विचारले ते त्याच्याच शब्दांत, त्याला खरे काय हवे होते, ते कुठे सापडले, आणि कोणी सांगितले, इतकेच असू द्या. वाचकाचे शब्द जसेच्या तसे लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण पुढचा विद्यार्थी त्याच चुकीच्या शब्दांनी विचारणार आहे. 'कोणी सांगितले' हा रकाना मात्र कधीही रिकामा सोडू नका. तिथे सरांचे नाव येईल, मुलांची नावे येतील, मामांचे नाव येईल. माणूस आपले ज्ञान देताना कचरतो त्याचे मोठे कारण हे की एकदा दिले की ते कोणाचे होते हे कोणाच्या लक्षात राहत नाही. नाव लिहिलेले राहिले तर देणाऱ्याचा हात आखडत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. वाचकाचे नाव वहीत लिहू नका. तुमच्याकडे जिल्हा न्यायालयातले कनिष्ठ वकीलही येत असतील, आणि वकील कोणत्या कलमाचे निकाल शोधतो आहे यावरून त्याच्या पक्षकाराचे प्रकरण ओळखता येते. तसेच एखादा पक्षकार स्वतःच आला तर त्याला कायद्याचा मजकूर काढून देणे हे आपले काम आहे, त्याने काय करावे हे सांगणे नव्हे. ही सीमा त्या दोन मुलांनाही पहिल्याच आठवड्यात समजावून सांगा.

व्हॉट्सॲपवर ग्रुप करून तिथेच सगळे टाकावे असे कोणी सुचवेल. सुट्टीची सूचना द्यायला तो ठीक आहे, पण सहा महिन्यांपूर्वी कोणी काय सांगितले ते तिथे पुन्हा सापडत नाही, आणि ज्येष्ठ माणूस तिथे लिहीतही नाही. वहीतल्या नोंदी महिन्यातून एकदा संगणकावरच्या साध्या तक्त्यात उतरवून घ्या, म्हणजे शब्द टाकून शोधता येतील. हे काम त्या मुलांना द्या. उतरवता उतरवता सरांचे निम्मे ज्ञान त्यांच्या डोळ्यांखालून जाईल.

आता त्या मुलांविषयी. ती कोणाला काही सांगत नाहीत, या तुमच्या वाक्यात थोडा राग दिसतो, आणि मला तो पूर्ण पटला नाही. ज्याची नेमणूक अकरा महिन्यांची आहे त्याने आपले एकमेव कौशल्य सर्वांना वाटून टाकावे अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याच्याकडून फार मोठा त्याग मागणे आहे. डेटाबेस येतो म्हणून आपल्याला पुन्हा घेतील, हीच त्यांची सगळी पुंजी आहे. प्राचार्यांकडून त्यांच्यासाठी काही लेखी मिळवता आले तर पाहा. उदाहरणार्थ, त्यांनी विद्यार्थ्यांसाठी शोधपद्धतीची दोन पानी माहितीपत्रके तयार केली तर त्यावर त्यांची नावे छापावीत आणि अनुभव प्रमाणपत्रात त्याचा उल्लेख व्हावा. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकाल जानेवारी २०२३ पासून ई-एस.सी.आर. या न्यायालयाच्याच ऑनलाइन संग्रहावर विनामूल्य मिळतात, निकालांना न्यायालयाचाच स्वतःचा क्रमांक देण्याची पद्धत आली आहे, आणि हे शोधण्यात ती मुले सरांच्या पुढे आहेत. त्यांनी सरांना शिकवावे असे म्हणू नका. सरांचा एखादा कठीण प्रश्न त्यांच्याकडे न्या, आणि उत्तर मिळाले की सरांसमोर त्यांचे नाव घ्या.

सर आणि ही मुले यांना एका टेबलावर आणायला आजच्याइतकी चांगली संधी पूर्वी कधी नव्हती. १ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले, आणि त्या दिवशी आपण सगळेच, तीस वर्षांचे अनुभवी आणि तीन महिन्यांचे नवखे, एका अर्थाने पुन्हा पहिल्या बाकावर आलो. विद्यार्थी येऊन म्हणतो, "४८२ चे निकाल हवे आहेत." सरांच्या मनात ४८२ म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेतले उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. मुलांच्या मनात ४८२ म्हणजे नव्या नागरिक सुरक्षा संहितेतला अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ मध्ये होता. अंगभूत अधिकार आता ५२८ मध्ये गेले आहेत. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि दोघेही एकटे असताना विद्यार्थ्याला चुकीचा खंड देतील. 'जुने ४८२ की नवे?' हा उलट प्रश्न विचारायचा, एवढे एक वाक्य वहीत आले तरी किती जणांचा वेळ वाचेल ते पाहा.

म्हणून माझी अशी सूचना आहे की सर आणि दोन्ही मुले यांनी मिळून जुन्या-नव्या कलमांचा तुमच्या ग्रंथालयापुरता तक्ता करावा. छापील तक्ते बाजारात मिळतात हे मला माहीत आहे. तुमच्या तक्त्यात मात्र आणखी एक गोष्ट असेल: या कलमावरचे आपल्याकडचे जुने भाष्य कोणत्या कपाटात आहे. दंड संहितेतले जुने ३०२ (खून) आता न्याय संहितेच्या १०३ मध्ये आहे, ४२० (फसवणूक) आता ३१८ मध्ये, हे मुले भरतील. त्यावरचा चांगला भाष्यग्रंथ कोणता आणि तो कुठे आहे, हे सर भरतील. काही कलमे एकत्र झाली आहेत, आणि जुन्या ३७७ सारख्या कलमाला नव्या संहितेत जोडीदारच नाही, तेव्हा प्रत्येक ओळीत एकासमोर एक आकडा बसेल असे समजू नका. याच निमित्ताने एक धोका टाळा. जुनी पुस्तके निकामी झाली म्हणून रद्दीत काढण्याची घाई काही ठिकाणी चालली आहे. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागू आहे, ते खटले अजून बरीच वर्षे चालतील, आणि नव्या कलमांचा अर्थ लावताना न्यायालये जुन्या निकालांकडेच पाहणार आहेत.

मामांना यात विसरू नका. कोणत्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, कोणत्या कपाटात कसर लागते, कोणता खंड जागेवर नसेल तर तो कोणत्या प्राध्यापकांच्या टेबलावर असतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. त्यांना लिहायला सांगू नका, तुम्ही विचारा आणि तुम्ही लिहा.

तक्रारीविषयी तुम्ही थेट विचारले आहे, म्हणून थेट उत्तर देते. सर काही सांगत नाहीत अशी तक्रार घेऊन प्राचार्यांकडे जाऊ नका. तिने उरलेले महिने कडू होतील आणि हाती काही लागणार नाही. मात्र एका बाबतीत भीड ठेवू नका. डेटाबेसची खाती, त्यांचे पासवर्ड, वर्गणीचे करार आणि पुरवठादारांशी झालेला पत्रव्यवहार ही कोणाच्या अनुभवाची गोष्ट नाही, ती संस्थेची मालमत्ता आहे. कित्येक ठिकाणी खाते उघडताना ग्रंथपालांनी आपला खासगी मोबाइल क्रमांक दिलेला असतो, आणि ते निवृत्त झाल्यावर ओटीपी त्यांच्या घरी वाजत राहतो. तुमच्याकडे तसे आहे का ते याच आठवड्यात पाहा आणि संस्थेच्या ई-मेल व क्रमांकावर सगळी खाती लेखी बदलून घ्या. प्राचार्यांकडे मागायचेच असेल तर शनिवारी दुपारचा एक तास मागा, ज्यात देवघेव बंद राहील आणि तुम्ही सगळे वही घेऊन बसाल. तो तास कार्यालयीन आदेशाने मिळाला तर सरांनाही वाटेल की संस्थेला आपल्या जाणतेपणाची किंमत आहे. आजवर तसे कोणी दाखवले नसेल, तर त्यांच्या 'मी देतो काढून'चे निम्मे कारण तेच असू शकते.

आणखी एक. १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ ग्रंथपाल दिन साजरा होतो. त्या दिवशी बहुधा फोटोला हार घातला जातो आणि एखादे भाषण होते. यंदा भाषणाऐवजी सरांना पंचवीस विद्यार्थ्यांसमोर एक निकाल शोधून दाखवायला सांगा, चिठ्ठीपासून पानापर्यंत, आणि प्रत्येक पावलाला आपण काय विचार करतो ते मोठ्याने बोलत. 'वाचकाचा वेळ वाचवा' हा रंगनाथन यांचा १९३१ मधला चौथा सिद्धांत आपण परीक्षेसाठी पाठ केला. सर तो रोज कसा पाळतात हे विद्यार्थ्यांना एकदा डोळ्यांनी पाहू द्या. तुम्ही मागच्या बाकावर वही घेऊन बसा.

हे सगळे करूनही सर बोलले नाहीत तर? तशीही माणसे असतात, आणि मग तुम्हाला काही गोष्टी नव्याने शोधाव्या लागतील. त्याने खचू नका. ज्या दिवशी एखादा निकाल तुम्हाला तासभर सापडणार नाही, त्या दिवसाची नोंद सर्वांत काळजीपूर्वक करा, कारण ती पुढच्या सहायकाच्या उपयोगाची आहे.

आणि हो, यंदाची बांधणीची खेप अजून गेली नसेल तर ती थोडी थांबवा. सरांना बरोबर घेऊन प्रत्येक खंडाची पहिली आणि शेवटची कोरी पाने उघडून पाहा. पेन्सिलीची एखादी ओळ दिसली तर तिचा फोटो काढून ठेवा, आणि तिचा अर्थ त्यांनाच विचारा. काय सापडले ते मला जरूर कळवा.

तुमची,
सदरलेखिका